पोर्ट क्रेडिटहून सॅमनसाठी चार्टर बोट: निवडीची नोंद, फेब्रुवारी ते जून

बेत असा: ऑन्टॅरिओ सरोवर, कॅनडातल्या मिसिसागाचं पोर्ट क्रेडिट बंदर, सहा माणसं, एक सकाळ, लक्ष्य चिनूक जातीचा सॅमन. बोट, कॅप्टन आणि गळसामान भाड्याने. बोट पक्की होईपर्यंत काय काय तपासलं आणि का, एवढंच या नोंदीत आहे. पाण्यावरचा हिशेब पुढच्या नोंदीत येईल.

नव्या मंडळींचा पहिला प्रश्न रावसाचा असतो, म्हणून तो आधी मिटवू. मुंबईत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण रावस सॅमनच्या कुळातला नाही. या सरोवरातले चिनूक आणि कोहो हे मूळचे पॅसिफिक किनाऱ्यावरचे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून ते इथे सोडले गेले. बाहेरून आलेल्या एलवाइफ नावाच्या छोट्या चंदेरी माशाचं पीक माजलं होतं, त्यावर हा उतारा. एलवाइफच आजही चिनूकचं मुख्य खाणं आहे. सरोवराचा स्वतःचा सॅमन म्हणजे अटलांटिक. तो १९व्या शतकाच्या अखेरीस इथून संपला. २००६पासून त्याला परत आणण्याचा कार्यक्रम चालू आहे आणि ज्या नद्यांत पिल्लं सोडतात त्यांतली एक म्हणजे पोर्ट क्रेडिटलाच सरोवराला मिळणारी क्रेडिट नदी. म्हणजे आपण निघणार त्याच बंदराच्या तोंडाशी हा मासा गळाला लागू शकतो, आणि त्याला मर्यादा वेगळी आहे.

फेब्रुवारी: बोटीच्या आधी तारीख

बहुतेक जण फोटो बघून बोट ठरवतात आणि मग मिळेल ती तारीख घेतात. क्रम उलटा हवा. एप्रिल-मेमध्ये सरोवराचं पश्चिम टोक, हॅमिल्टन ते नायगारा, आधी कोमट होतं. तेव्हा कोहो आणि लहान चिनूक तिथल्या उथळ पाण्यात असतात, म्हणून त्या महिन्यांत पोर्ट डॅलहाउसी किंवा हॅमिल्टनची बाजू धरावी. जूनमध्ये मासा पांगतो आणि आत सरकतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पोर्ट क्रेडिटसमोर मोठा, चकचकीत, खात सुटलेला चिनूक मिळण्याची शक्यता सगळ्यात चांगली. ऑगस्टच्या शेवटी पिकलेले, म्हणजे अंडी घालायला तयार झालेले मासे नदीच्या मुखासमोर जमतात. आकार मोठा, फोटो जोरदार, पण तोवर त्यांचं खाणं मंदावलेलं असतं. ते चिडून चावतात किंवा चावतच नाहीत. अंगाचा रंग काळवंडतो, मांस फिकं आणि मऊ पडतं. खायला मासा हवा असेल तर सप्टेंबरचं आरक्षण करू नये.

ठरलं ते असं: जुलैचा तिसरा आठवडा, आणि राखीव तारीख ऑगस्टचा दुसरा आठवडा. शनिवार-रविवार टाळले. मधल्या वारी बोट मिळणं सोपं, आणि हवा बिघडली तर पुढची तारीखही लवकर मिळते.

मार्च: वारा

कोण कॅप्टन जाणकार आणि कोण नुसता बोट चालवणारा, हे इथे कळतं. त्यामुळे या नोंदीवर सगळ्यात जास्त वेळ गेला.

चिनूकला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. उन्हाळ्यात वरचं पाणी वीस अंशांच्या पुढे जातं. खालचं चार-पाच अंशांवर राहतं. दोन्हींच्या मधला पातळ थर म्हणजे थर्मोक्लाइन. एलवाइफ त्याच्या वरच्या अंगाला, चिनूक जरा खाली. हा थर एका खोलीवर स्थिर बसत नाही, वारा त्याला हलवतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतं. पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस जोरात वाहिला की वरचं कोमट पाणी उत्तर किनारा सोडून दक्षिणेकडे सरकतं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. वायव्येचा वारा तर इथल्या किनाऱ्यावरून थेट पाण्याकडेच जातो. कोकणातल्या मतलईसारखाच तो जमिनीवरून येतो, फक्त एका सकाळीपुरता नसतो. अशा वेळी चिनूक किनाऱ्याजवळ साठ-सत्तर फुटांच्या पाण्यातही सापडतो आणि बंदराजवळ लाटही कमी असते.

पूर्वेचा वारा दोन्हीकडून मारतो. सरोवर ३११ किलोमीटर लांब आहे आणि आपण त्याच्या पश्चिम टोकाशी, त्यामुळे लाटेला वाढायला जवळजवळ सगळी लांबी मिळते. शिवाय कोमट पाणी आपल्याच बाजूला साठतं आणि थर्मोक्लाइन शंभर फुटांच्याही खाली दबतो. किनाऱ्याजवळ मग योग्य तापमानाचं पाणी थेट तळाशी, किंवा नसतंच.

गार पाणी वर येणं हे मात्र प्रमाणात हवं. वारा फार लांबला तर पृष्ठभागच सहा-सात अंशांवर येतो, एलवाइफ निघून जातात आणि चिनूक पांगतो. पाण्याच्या तापमानाच्या नकाशात किनारा गार दिसला की लोक खूश होतात, पण बघायची ती गार-कोमट पाण्याची कड. ती बंदरापासून किती लांब आहे त्यावर दिवस ठरतो.

एन्व्हायर्नमेंट कॅनडाच्या ग्रिम्सबी आणि एजॅक्सजवळच्या बॉयवरचं (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या मापनकेंद्रांवरचं) तापमान, लाट आणि वारा रोज टिपायला जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करायची आहे. सागरी अंदाजात वारा नॉटमध्ये असतो. १ नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर प्रतितास. आपली रेघ अशी: पूर्वेचा वारा १५ नॉटच्या वर असेल तर राखीव तारीख. पश्चिमेचा तेवढाच असेल तर कॅप्टन म्हणेल तसं.

एप्रिल: तीन बोटी, सारखेच प्रश्न

बोट अ २८ फुटी, ब २४ फुटी, क ३२ फुटी. तिघांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने.

पहिला: पूर्वेचा वारा तीन दिवस टिकला तर तुम्ही काय बदलता? चांगलं उत्तर ठोस असतं: डाउनरिगरचे (आमिष हव्या त्या खोलीवर नेणाऱ्या वजनी यंत्राचे) १२ पौंडांचे गोळे काढून १५चे लावतो, तांब्याच्या तारेच्या लांब दोऱ्या सोडतो, कड शोधायला आत जातो, नाहीतर तारीख बदलू या. ‘आम्हाला रोज मासा मिळतो’ हे उत्तर नव्हे. ब कडून तेच आलं.

दुसरा: गोळ्याजवळचा वेग आणि तापमान मोजता का? खालचा प्रवाह वरच्यापेक्षा वेगळा असतो. जीपीएसवर ताशी २.५ मैल दिसत असताना शंभर फुटांवर आमिष १.८नेच चाललेलं असू शकतं आणि तेवढ्याने फ्लॅशर (आमिषापुढची चकाकती, फिरणारी पट्टी) फिरायचा थांबतो. उलट दिशेने वळल्यावर अचानक मासे लागू लागतात त्याचं कारण बहुधा हेच. गोळ्यावर वेग-तापमानाचा प्रोब (मापक) असलेली बोट घ्यावी. अ आणि क दोघांकडे आहे. वेग वाढला की गोळा मागे झुलतो आणि दोरीच्या काउंटरवर जी खोली दिसते त्यापेक्षा आमिष वरच राहतं, हा हिशेब अच्या कॅप्टनने न विचारता सांगितला. तिथेच त्याचं पारडं जड झालं.

तिसरा: एका वेळी किती दोऱ्या, आणि कशावर? ऑन्टॅरिओ सरोवरात बोटीतून मासेमारी करताना परवानाधारकाला दोन दोऱ्या चालतात. म्हणजे सहा परवान्यांवर बारा. पण बारा लावणारा कॅप्टन चांगला असं नाही. चिनूक लागला की शंभर मीटर दोरी सहज ओढून नेतो आणि वाटेतल्या चार दोऱ्यांचा गुंता करतो. चार डाउनरिगर, दोन डिप्सी डायव्हर (दोरीला खाली आणि बाजूला ओढणाऱ्या चकत्या) आणि मधोमध एक-दोन लेडकोअर (शिशाच्या गाभ्याच्या) किंवा तांब्याच्या दोऱ्या ही मांडणी पुरेशी. डिप्सीला दोन-तीन फूट दोरी सोडावी तेव्हा एक फूट खोली मिळते, हे लक्षात ठेवा.

चौथा आपल्यासारख्या हौशींसाठीच: रॉड कोण लावतो आणि मासा कोण गळाला अडकवतो? काही बोटींवर मेट, म्हणजे कॅप्टनचा मदतनीस, सगळं करतो आणि झटका बसल्यावर रॉड हातात देतो. अ वर दोऱ्या सोडणं, रिलीजमध्ये (दोरी गोळ्याशी धरून ठेवणाऱ्या चिमट्यात) अडकवणं आणि फ्लॅशरमागच्या फ्लायची (कृत्रिम आमिषाची) लांबी बदलणं शिकवतात. आठ इंची फ्लॅशरमागे फ्लाय १८ ते २४ इंचांवर असते. ती जवळ घेतली की झटके आखूड आणि जोरात, लांब सोडली की संथ. मासे मागे येतात पण चावत नाहीत तेव्हा सगळ्यात आधी हीच लांबी बदलून बघतात.

पाचवा जागेचा. सहा प्रवासी, कॅप्टन आणि मेट मिळून आठ. २४ फुटी बोटीच्या मागच्या डेकवर जाळं घेऊन उभं राहायला जागा उरत नाही, म्हणून ब इथेच गळाली. शौचालय आहे का तेही विचारा. पाच तासांच्या फेरीत, विशेषतः घरच्या बायका आणि मुलं असतील तर, ही चैन नव्हे.

मे: कागद आणि पैसे

ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या नियमांत पैसे घेऊन माणसं नेणारी बोट व्यावसायिक ठरते. मोकळ्या सरोवरात जाणाऱ्या कॅप्टनकडे स्मॉल व्हेसल ऑपरेटर प्रोफिशियन्सी किंवा त्यावरचं प्रमाणपत्र हवं. घरगुती बोटीच्या प्लेझर क्राफ्ट कार्डावर भागत नाही. सोबत सागरी प्रथमोपचार, व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्र, व्यावसायिक नोंदणी आणि प्रवाशांचा विमा. मुलं असतील तर त्यांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हे वजन सांगून विचारा. क ने कागद दाखवायला टाळाटाळ केली. बोट सर्वांत ऐसपैस असूनही ती सोडली.

मासेमारीचा परवाना प्रवाशाने स्वतः काढायचा. एका दिवसाचा स्पोर्ट परवाना मिळतो, त्याला आउटडोअर्स कार्ड (प्रांताचं मासेमारी-शिकारीचं ओळखकार्ड) लागत नाही. इथे राहणाऱ्या १८च्या आतल्या आणि ६५च्या पुढच्यांना परवान्यात सूट आहे. भारतातून आलेल्या आईबाबांना मात्र वय ६५च्या वर असलं तरी ती सूट नाही. त्यांना रॉड हातात धरायचा असेल तर परवाना काढा. नुसतं बसून बघणार असतील तर गरज नाही. सॅमन आणि ट्राउट मिळून स्पोर्ट परवान्यावर पाच, कन्झर्वेशन या कमी मर्यादेच्या परवान्यावर दोन. त्यातही काही जातींची मर्यादा आणखी कमी आहे, ती त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघावी. सरोवराच्या मध्यातून अमेरिकेची हद्द जाते. कड शोधत कॅप्टन तिकडे गेलाच तर न्यूयॉर्कचा परवाना लागतो, म्हणून ‘हद्दीच्या अलीकडे’ हे आधीच बोलून घेतलं.

जाती ओळखायला: चिनूकच्या हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके, कोहोच्या हिरड्या दातांपाशी पांढुरक्या आणि ठिपके फक्त वरच्या पाकळीवर. अटलांटिकची शेपटीकडची कंबर बारीक, गालावर दोन-तीन मोठे ठिपके, शेपूट जवळजवळ स्वच्छ. शंका आली तर मासा पाण्याबाहेर न काढता जाळ्यातच बघा.

पैशांत तीन ठिकाणी गफलत होते. भाव चार जणांचा असतो आणि पाचव्या-सहाव्याचे वेगळे लावतात. भावात १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) धरलेला नसतो. आणि ‘पाच तास’ म्हणजे धक्का ते धक्का. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस, म्हणजे दोऱ्या पाण्यात तीन तास चाळीस मिनिटंच. मेटला १५ ते २० टक्के बक्षिसी द्यायची रीत आहे, ती रोख ठेवा. हवेमुळे कॅप्टनने रद्द केलं तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळते का, हे लेखी घ्यावं. एखाद्याला बोट लागली म्हणून लवकर परतलात तर पूर्ण पैसे लागतात, आणि ते रास्तच आहे. ज्यांना बोट लागते त्यांनी ग्रॅव्हॉल ही मळमळीवरची गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी. पाण्यावर उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

जून: बोट अ पक्की

आगाऊ रक्कम दिली, पहाटे साडेचारला धक्क्यावर हजर व्हायचं. फिकट तळव्याचे बूट (काळ्या रबराचे डाग डेकवरून निघत नाहीत), जुलै असला तरी जाकीट. चालत्या बोटीवर बिअर चालत नाही, तो कायदा आहे. चिवड्याचे हात साबणाने धुतल्याशिवाय आमिषाला लावू नका. आणि केळी नेऊ नका, वेफर्ससुद्धा. बोटीवर केळं अपशकुनी मानतात आणि ज्याच्या बोटीवर जायचं त्याचा मान राखायचा.

मासा वर आला की लगेच कल्ले कापून रक्त काढून बर्फ-पाण्यात टाकायला सांगितलं आहे. चिनूकचं मांस त्याशिवाय दुपारपर्यंत मऊ पडतं. धक्क्यावर तुकड्या करून मिळतात, पण प्रत्येक तुकडीवर जात ओळखण्यापुरती कातडी राहू द्यायची, नाहीतर वाटेत तपासणीत अडचण. कातडी घरी आल्यावर काढा. पीसीबी हे विषारी औद्योगिक रसायन माशाच्या चरबीत साठतं, म्हणून प्रांताच्या मार्गदर्शिकेप्रमाणे कातडी, पोटाकडची पट्टी आणि कडेची काळपट चरबी टाकून द्यायची. आपल्याकडे डोक्याचं कालवण आवडीचं, पण या सरोवरातल्या माशाचं करू नये. मोठ्या माशापेक्षा दोन-तीन किलोचा ताटात घ्यावा. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी मार्गदर्शिकेत वेगळा रकाना आहे, तो जागा आणि माशाच्या लांबीनुसार बघा. चरबी जास्त असल्याने बांगड्याचं तिरफळ घातलेलं वाटण याला रावसाच्या आमटीपेक्षा चांगलं बसतं.

बाकी कामं: सहा परवाने, ६० लिटरचा कूलर, मोजपट्टी आणि १ जुलैपासून बॉयचं तापमान.