चौथ्या गादीला

परवा लालबागच्या आमच्या १० बाय १२च्या खोलीला रंग काढला. कपाट, पलंग, गाद्यांची चवड, सगळं बाहेर गॅलरीत. आईनं दारातून विचारलं, “चहा टाकू का रे?” वाक्य संपलं, पण त्याचं शेपूट खोलीतच रेंगाळलं. रंगारी हसला. “खोली मोकळी झाली की बोलायला लागते, काकू.”

इंग्रजीत याला ‘रिव्हर्बरेट’ होणं म्हणतात. शब्द गोड वाटतो, मूळ मात्र मारकुटं. लॅटिनमध्ये ‘व्हर्बर’ म्हणजे चाबूक. आधी ‘रि’ लागला की उलटा फटका. धातू वितळवायच्या एका भट्टीलाही हेच नाव आहे. तिथं ज्वाळा छतावर आपटून धातूवर उलटतात.

आपला ‘पडसाद’ त्या मानानं गरीब. संस्कृत प्रतिशब्द, प्राकृतात पडिसद्द, आणि झिजून पडसाद. यात कुणी कुणाला मारत नाही, हाकेला ओ दिल्यासारखं आहे. (वर्तमानपत्रांनी मात्र त्याला पार जुंपलंय. काहीही झालं की लगेच विधानसभेत पडसाद.)

गणपतीत कराओकेवाल्याला सगळे “इको टाक” सांगतात, तेव्हा बऱ्याचदा हवा असतो तो रिव्हर्बच, म्हणजे आवाजाचं घुमणं. खरा प्रतिध्वनी सुटा ऐकू यायला समोरची भिंत साधारण १७ मीटरवर लागते. आमच्या चाळीत तेवढ्यात पाचवं बिऱ्हाड येतं.

हे घुमणं पहिल्यांदा नीट मोजलं ते वॉलेस सबिन या तरुण प्राध्यापकानं. हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह नवंकोरं, पण बोललेलं कळेना; आवाज सुमारे ५.५ सेकंद विरायचाच नाही. १८९५ साली काम सबिनकडे आलं. हा गडी रात्री सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, मग आणखी गाद्या. पहाटे सगळ्या जागच्या जागी. जितक्या गाद्या जास्त, तितकं घुमणं कमी. सभागृहांच्या बांधणीचं शास्त्र या हमालीतून निघालं, हे मला फार आवडतं.

रंग वाळल्यावर मीही गाद्या आत आणायला घेतल्या. दर गादीनंतर टाळी वाजवून बघत होतो. चौथ्या गादीला खोली गप्प झाली.

“टाळ्या कसल्या पिटतोयस?” आई गॅलरीतून ओरडली. “उशा कोण आणणार?”