सतरा किलोओहम: आमची वाटचाल

आमचं दुकान मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. पाटीवर अजून 'मोटर रिवाइंडिंग' असंच लिहिलंय. ती पाटी वडिलांनी लावली, ती बदलणार नाही. उसाच्या पट्ट्यातले जळालेले पंप यायचे आणि वडील रात्र जागून ते भरून द्यायचे. त्यांनी शिकवलेल्या त्याच हाताने आज आम्ही बेस गिटारचे पिकअप भरतो. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखालचं चुंबक आणि बारीक तारेचं गुंडाळं, तारांचं कंपन विजेत बदलून अँपकडे पाठवणारं.

१९९६ साली एका ऑर्केस्ट्रातले बेसवाले मामा दुकानात आले. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या पद्धतीचा देशी बेस, पिकअप दोन तुकड्यांचा, आवाज बंद. मीटर लावला तर एक तुकडा साडेपाच किलोओहम रोध दाखवत होता, दुसरा ओपन, म्हणजे आत तार तुटलेली. वडिलांनी तोवर पिकअप कधी पाहिलाही नव्हता. उलटसुलट करून म्हणाले, "मामा, ही मोटरच आहे, फक्त फिरत नाही."

तार सोडवली तर केसापेक्षा बारीक, ४६ गेजच्या आसपास. मुंबईच्या लोहार चाळीतून मागवली, तर आली ४७ची. गणपती तोंडावर, परत पाठवायला वेळ नाही. जोडी सारखी राहावी म्हणून दोन्ही तुकडे तिनेच भरले. तार बारीक, म्हणून बॉबिनवर वेढेही जास्त बसले. दोन्ही मिळून अकरा यायला हवे तिथे मीटर सतरा दाखवायला लागला. वडील म्हणाले, "काम बिघडलं."

मामांनी बेस अँपला लावला, खालची तार छेडली आणि डोळे मिटले. म्हणाले, "हा गोल झाला. बंद जवारीच्या तंबोऱ्यासारखा." मिरजेच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी: घोडीवरची जवारी बंद असली की तंबोरा कमी झणझणतो, सूर गोल येतो. वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतो, रेझोनन्स खाली सरकतो, वरची टणटण जाते आणि खर्ज भरून येतो, हा हिशोब आम्ही पुढे शिकलो. कान आधी मामांचे होते.

मशीन आम्ही घरीच बनवलं. शिलाई मशीनची मोटर घेतली, वेग पायाखालच्या पॅडलवर. वेढे मोजायला जुना कॅल्क्युलेटर: चाकावर छोटं लोहचुंबक, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आलं की आपोआप जुळणारा), त्याच्या दोन वायरी बरोबरच्या चिन्हाच्या बटणाला जोडलेल्या. एक अधिक एक दाबून ठेवायचं, मग प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. तार मात्र हातानेच सोडायची, अंगठा आणि तर्जनीत फेल्टचा तुकडा धरून. ताण वाढला की तार तुटण्याआधी बोटाला कळतं. हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

पुढची तेरा वर्षं चांगली गेली.

२००९ साली श्रावणात ३१ पिकअप भरून दिले. ऑर्केस्ट्रा, बँजो पार्ट्या, एक-दोन चर्चमधली पोरं. पंधरा दिवसांत २६ परत आले. कुणाचं रीडिंग सतरावरून नऊवर, कुणाचा आवाज मेलेला. आमच्याकडे शिकून सांगलीत स्वतःचं दुकान टाकलेला एक मुलगा तेव्हा गिऱ्हाइकांना सांगत होता, "पंप भरणाऱ्यांकडे गिटार देता कशाला?" चार वर्षं आमच्या घरी जेवलेला मुलगा. हे शब्द मला तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितले. आजही ते आठवले की घास उतरत नाही.

वडील काही बोलले नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून फिनॉल्फ्थॅलिनची बाटली मागून आणली. मिठाच्या पाण्यात थेंब टाकले, नव्या रिळाची हातभर तार बुडवली, तिला १२ व्होल्टची ऋण बाजू जोडली आणि धन बाजूची पट्टी पाण्यात सोडली. चांगल्या तारेला काही होत नाही. या तारेवरून जागोजागी गुलाबी धागे वर चढायला लागले. प्रत्येक धागा म्हणजे तारेवरच्या इनॅमलच्या लेपातलं एक भोक. लेबल नेहमीचं, माल दुसराच. व्यापाऱ्याने हात वर केले.

चूक आमचीही होती. भरलेला पिकअप वितळलेल्या मेणात बुडवतात, आतली हवा निघावी म्हणून. घाईत ते दहाच मिनिटं ठेवले होते. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत काढायचे नसतात, नाहीतर आत हवा राहते आणि हवेबरोबर ओल.

सगळे २६ फुकट भरून दिले. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या गणपतीत रोज दोन तास झोप. मामा रात्री कार्यक्रम आटोपून यायचे आणि तार सोडायला माझ्याशेजारी बसायचे. वाजवणाऱ्याची बोटं, हलकी. त्या २६ पैकी ९ पिकअप त्यांच्या हातचे आहेत. मजुरी विचारली तर म्हणाले, "लेका, माझा बेस कोणी गोल केला?"

वाचणाऱ्यांत गोल आवाज हवा असलेले बेसवाले असतील तर एक सांगतो. लगेच पिकअप उघडू नका. आधी पिकअप तारांपासून थोडा खाली घ्या. फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा लावून बघा. पॉट (नॉबखालचे रोध) ५०० किलोओहमचे असतील तर २५०चे टाका. टोनचा कपॅसिटर ०.०४७चा असेल तर ०.१ मायक्रोफॅरड लावा, नॉब मिटल्यावर फरक कळेल. जॅझ बेस (दोन पिकअपवाला) असेल तर दोन्ही पिकअप सिरीजमध्ये, एकापुढे एक, जोडून ऐका, मधला आवाज भरून येतो. एवढ्याने भागलं तर आमच्याकडे यायची गरज नाही. आणि नुसत्या किलोओहमला भुलू नका. बारीक तार घातली की आकडा आपोआप वाढतो. भरणाऱ्याला वेढे किती ते विचारा. मेण कधीही थेट आचेवर वितळवू नका, पाण्याच्या भांड्यात ठेवून ६५ अंशांच्या आसपास राखा.

वडील २०१७ साली गेले. मामा आता वाजवत नाहीत, पण दर गुरुवारी येऊन बसतात.

गेली तीन वर्षं सांगलीहून एक पोरगा पिकअपची पुडकी घेऊन येतो. कोणी पाठवलं ते सांगत नाही. पण जुनं वाइंडिंग उघडलं की दिसतं: टोकाची तार आयलेटला उजवीकडून तीन वेढे देऊन मगच सोल्डर केलेली. ती वडिलांची पद्धत. आम्ही भरून देतो, पैसे इतरांकडून घेतो तेवढेच. मागच्या गुरुवारी मामांनी असाच एक तुकडा मीटरला लावला, आकडा बघितला आणि पुडक्यात परत ठेवला.