नाकावरची रेघ

नाटकांच्या रंगभूषेत पंचवीसेक वर्षं गेली, पण रॉक बँडचं काम तोवर कधी घेतलं नव्हतं. गायक चोवीस-पंचवीस वर्षांचा. मोबाइलवर डेव्हिड बोवी या इंग्लिश रॉक गायकाचा १९७३चा फोटो घेऊन आला. तोंडावर लाल-निळी वीज, भुवया भादरलेल्या.

"काका, हा धड बाप्या वाटत नाही, धड बाई नाही. मला असंच हवंय, पण आपलं. अर्धनारीनटेश्वर. उजवीकडे मिशी, डावीकडे नथ."

नाकावरून सरळ रेघ धरली. उजवा गाल भस्मी, डावा हळदी. दीड तास गेला. आरशात झकास दिसत होतं.

साउंड चेकला सगळं मुसळ केरात. गाणारा माणूस सरळ समोर बघत थोडाच उभा राहतो! मान वळली की एका बाजूच्या खुर्च्यांना नुसता मिशीवाला, दुसऱ्या बाजूला नुसती बाई. रेघ तर माइकआडच गेली.

तेव्हा घारापुरीच्या लेण्यातली अर्धनारीनटेश्वराची मूर्ती आठवली. सहाव्या शतकातली, पाच मीटरच्या आसपास उंच. उजवा हात नंदीवर टेकलेला, डावीकडे आरसा, कंबर एका अंगाला झुकलेली. फरक सगळा देहात आणि दागिन्यांत. चेहरा मात्र एकच, शांत. मधे रेघ नाहीच. बोवीनंही अर्धी बाई कुठे केली होती? तरुणपणी तिबेटी बौद्ध मताच्या नादी लागलेला माणूस तो. कान्साई यामामोतो या जपानी फॅशन डिझायनरनं त्याला काबुकी या जपानी पारंपरिक नाट्याच्या धर्तीवर कपडे शिवले, टाके ओढले की वरचा वेश गळून आतला दिसणारे. वेश बदलत राहायचे, देह तोच.

कोल्ड क्रीमनं सगळं पुसलं. हातात पाऊण तास. साबण लावून भुवया दाबल्या, तोंडभर एकच बेस, काजळ कानशिलापर्यंत ओढलं. मिशी नाही, नथ नाही. पोरगा रुसला.

"मग लोकांना कळणार कसं?" ड्रमरनं विचारलं.

म्हटलं, ज्ञानोबांनी अमृतानुभवात शिवशक्तीला दोन दांड्यांची उपमा दिलीय. दांड्या दोन, श्रुती म्हणजे नाद एक. (कुणी त्या वीणेच्या मानतात, पण ड्रमरपुढे कशाला खोलात जा!) तो हातातल्या काठ्या बघून हसला. "आमच्यात दोन नाद निघाले की शिव्या बसतात, काका."

दुसऱ्या गाण्याला विंगेतून पाहिलं, तर पठ्ठ्यानं नथ गिटारच्या पट्ट्याला अडकवली होती.