खाडा म्हणजे काय, हे शपथेवर सांगताना

न्यूयॉर्कमध्ये मी मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून काम करते. बरेचसे दिवस हॉस्पिटलांमध्ये जातात. कोर्टकचेरीची कामं कमी, त्यात मराठीची तर वर्षाला दोन-चार. त्यातलं एक काम मला अजून सोडत नाही. माणसं ओळखू येणार नाहीत इतके तपशील बदलले आहेत. शब्द मात्र होते तेच ठेवले आहेत, कारण सगळा घोळ एका शब्दाचाच आहे.

काम डिपॉझिशनचं होतं. म्हणजे कोर्टाबाहेर, वकिलाच्या ऑफिसात, पण शपथेवर घेतलेली साक्ष. समोर कोर्ट रिपोर्टर बसून प्रत्येक अक्षर टिपत असते. फेडरल नियमाप्रमाणे एका दिवसात ७ तास मिळतात. साक्षीदाराच्या आधी दुभाष्याची शपथ होते. समोरचा माणूस ‘मी’ म्हणाला की आपणही इंग्रजीत ‘मी’च म्हणायचं. स्वतःचं काही सांगायचं असेल तर मात्र ‘दुभाष्याचं म्हणणं असं आहे’ असं तिऱ्हाइतासारखं बोलायचं. मला बोलावलं होतं मालकांच्या वकिलाने, आणि पैसेही तेच देणार होते. ऐकणाऱ्यांना हे विचित्र वाटतं, पण साक्ष जो घेतो तो दुभाषी आणतो. शपथ कुणाच्या पैशाने बदलत नाही.

दावा एका कोकणातल्या बाईंचा होता, मालकांनी कमी पगार दिल्याचा. बाईंचं वय पन्नाशीचं. मॅनहॅटनमध्ये एका मराठी कुटुंबाकडे त्यांनी साडेतीन वर्षं काम केलं. दोन मुलं सांभाळणं, स्वयंपाक, कपडे, सगळंच. सकाळी आठला हजर, निघायला संध्याकाळचे सात, घरी पाहुणे असले तर रात्रीचे अकरा. महिन्याला १,८०० डॉलर, रोख. त्यातले ७५० क्वीन्समधल्या बेसमेंटच्या खोलीला जायचे. २०२१च्या सप्टेंबरात इडा वादळाच्या पावसात अशाच तळघरांमध्ये या शहरात ११ माणसं गेली, आणि तरीही त्या खोल्या रिकाम्या राहत नाहीत, कारण याहून स्वस्त काही मिळतच नाही.

हिशोब मी ट्रेनमध्येच केला होता. महिन्यात २८ दिवस, रोजचे ११ तास, म्हणजे ३०८ तास. तासाला सहा डॉलरही पडत नाहीत. त्या काळात शहरातलं किमान वेतन १५ डॉलर होतं, आणि आठवड्याच्या ४० तासांपुढे दीडपट. घरकाम करणाऱ्यांना हे हक्क उशिरा मिळाले. १९३८च्या वेतन कायद्याने त्यांना बाहेर ठेवलं होतं, १९७४ साली आत घेतलं. आठवड्याला एक सुट्टी हा त्यांचा हक्क न्यूयॉर्क राज्याने २०१० साली कायद्यात लिहिला, देशात सर्वांत आधी. इथे राहण्याच्या कागदपत्रांचा, व्हिसाचा विषय काढायला न्यायाधीशांनी आधीच मनाई केली होती. केलेल्या कामाच्या पैशांशी त्याचा संबंध नसतो.

मालकांकडे तासांची एकही नोंद नव्हती. ती ठेवणं त्यांचं काम होतं. अशा वेळी कामगाराने आपल्या आठवणीतून, जवळ असेल त्या कागदातून रास्त अंदाज दिला तरी चालतो, आणि तो खोडून काढायची जबाबदारी मालकावर येते. सुप्रीम कोर्टाने हे १९४६ सालीच सांगून ठेवलंय. बाईंकडचा कागद होता कालनिर्णय. गावाहून भाऊ दरवर्षी पाठवायचा. खिळ्याचं भोक पडलेली, तेलाच्या बोटांची ती पानं टेबलावर आली तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं.

पण वकिलाच्या हातात होती काळी-पांढरी फोटोकॉपी. त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवून विचारलं, “इथे ९.१४ लिहिलंय. त्या दिवशी तुम्ही ९.१४ला निघालात?” बाई गोंधळल्या. तो छापील आकडा होता, संकष्टीच्या चंद्रोदयाचा, तोही मुंबईचा. मूळ पानावर छपाई वेगळी, निळं बॉलपेन वेगळं, पण फोटोकॉपीत दोन्ही सारखंच काळं. यात आमची वीस मिनिटं गेली. पुरावा म्हणून येणाऱ्या हस्तलिखिताची रंगीत प्रत दुभाष्याला आदल्या दिवशी द्या, हे मी एजन्सीला किती वेळा सांगितलं असेल! त्यांना ते कटकटीचं वाटतं. या वीस मिनिटांत साक्षीदार खोटारडी दिसते, हे त्यांना कळत नाही.

त्याआधी ‘वहिनीं’वरून झालंच होतं. बाई मालकिणीला वहिनी म्हणायच्या. मी ‘सिस्टर-इन-लॉ’ म्हटलं असतं तर नोकरीचं नातंच पुसलं गेलं असतं. मी शब्द तसाच ठेवला आणि ही आदराची हाक आहे, असं रेकॉर्डवर सांगितलं. वहिनी समोरच बसल्या होत्या. सगळं मराठी त्यांना समजत होतं. “ती आम्हाला घरच्यासारखी होती,” असं त्यांच्या वकिलाने दोनदा म्हटलं. हे वाक्य मी मराठीत ऐकलंय, हिंदीतही ऐकलंय. घरच्यासारखी असलेल्या बाईला पगाराची पावती मिळाल्याचं मी अजून एकदाही ऐकलेलं नाही.

मग प्रश्न आला, निळ्या फुल्या कसल्या?

“ते माझे खाडे.”

मी म्हणाले, ‘माय ॲब्सेन्सेस.’ तोंडातून पटकन गेलं.

“म्हणजे या दिवशी तुम्ही कामाला गेला नाहीत?”

“नाही गेले.”

“आणि कामाला गेलेले दिवस कुठे लिहिलेत?”

बाईंनी वकिलाकडे अशा काही नजरेने पाहिलं, की एवढं मोठं शिकलेल्या माणसाला हे कसं कळत नाही. “बाकीचे सगळे,” त्या म्हणाल्या.

महिन्याला दोन फुल्या. कधी एकच. २०२२च्या मेमध्ये एकही नाही.

तेवढ्यात वहिनी वकिलाच्या कानाशी लागल्या. वकील म्हणाले, “माझ्या अशिलाची मातृभाषा मराठी आहे. त्यांच्या मते या शब्दाचा अर्थ न सांगता मारलेली दांडी असा होतो. दुभाष्याने भाषांतर तपासावं.” खोली शांत झाली. ॲब्सेन्स म्हटलं तर बाई गैरहजर, डे ऑफ म्हटलं तर मालकांनी दिलेली सुट्टी. कायद्याने त्यांना महिन्याला चार दिवस विश्रांती मिळायला हवी होती. जे दोन मिळाले त्यांनाही त्या सुट्टी म्हणत नव्हत्या, खाडा म्हणत होत्या. मी म्हणाले, “दुभाष्याचं म्हणणं असं आहे की, ज्या दिवशी काम झालं नाही किंवा दूध-पेपर आला नाही, तो दिवस म्हणजे खाडा. चूक कुणाची, हे त्या शब्दात नाही.” कोर्ट रिपोर्टरने ते टिपून घेतलं आणि साक्ष पुढे सरकली.

सहाच्या सुमाराला संपलं. लिफ्टमध्ये बाई आणि मी एकाच वेळी आलो. साक्षीदाराशी खाजगी बोलायचं नाही, हा नियम मी कधी मोडत नाही. त्या स्वतःशीच पुटपुटल्यासारख्या म्हणाल्या, “आताच्या कामावर आज खाडा पडला.” मी आकडे बघत उभी राहिले.

घरी आल्यावर काही केल्या चैन पडेना. चूक कुणाची ते शब्दात नाही, हे मी शपथेवर बोलले होते. पण डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर आई दुधाचे खाडे मांडायची, तशीच आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचेही मांडायची आणि महिन्याच्या शेवटी पैसे कापायची. मी आईला फोन लावला.

“आई, खाडा म्हणजे नेमकं काय गं?”

“न आलेला दिवस.”

“आपणच सुट्टी दिली असली तरी?”

“आपण दिली तर खाडा कशाला मांडू? न सांगता राहिली तरच.”

म्हणजे वहिनी अगदीच खोटं बोलल्या नव्हत्या. आपलं भाषांतर अपुरं होतं असं नंतर लक्षात आलं, तर ते कळवणं दुभाष्याचं कर्तव्य असतं. दुसऱ्या दिवशी मी एजन्सीमार्फत दोन्ही वकिलांना लिहिलं: मालकाच्या वहीत हा शब्द कपातीचा असतो. कामगाराने स्वतःसाठी मांडला, तर तो फक्त न गेलेला दिवस असू शकतो. संदर्भ बघून अर्थ लावावा. हे पत्र बाईंना नडलं की उपयोगी पडलं, हा विचार मी रोज करते. सात महिन्यांनी कोर्टाच्या ऑनलाइन नोंदीत तडजोड मंजूर झाल्याचं दिसलं. पत्राचा उल्लेख कुठेच नव्हता.

त्या रात्री आईला मी एवढंच सांगितलं की इथल्या एका बाईने आपले खाडे स्वतःच्याच कालनिर्णयवर मांडून ठेवले होते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आपल्या शांताबाईंच्या घरी कालनिर्णय होतं का गं? मी कधी विचारलंच नाही.”