रॉयल मिल्क टीची वही: आधी पान, मग दूध

रॉयल मिल्क टी म्हणजे जपानी पद्धतीचा दुधाचा चहा, तोक्योत राहून मी तो घरी करून पाहतेय. सध्या स्थिरावलेलं प्रमाण आधीच लिहून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त कप हवाय त्यांची सुटका. दोन कपांसाठी पाणी 180 मिली, दूध 220 मिली, आसाम सीटीसी (आपली गोळीदार चहापत्ती) 8 ग्रॅम. पत्ती वाटीत घ्यायची. पाण्यातलं 60 मिली खळखळून उकळायचं, तिच्यावर ओतायचं आणि वाटी मिनिटभर बाजूला ठेवायची. तोवर उरलेलं पाणी आणि दूध पातेल्यात एकत्र तापवायचं. कडेला बारीक बुडबुड्यांची झालर दिसली की गॅस बंद. बंद म्हणजे बंद, मंद नव्हे. वाटीतली पत्ती तिच्या काळ्या पाण्यासकट दुधात लोटायची, एकदा ढवळायचं, झाकण ठेवायचं आणि तीन मिनिटं हात लावायचा नाही. मग गाळायचं. गाळणीतला चोथा चमच्याने दाबायचा नाही, त्याने तळाचा तुरटपणा कपात उतरतो.

आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, "अगं, उकळलंच नाहीस की! कच्चा नाही लागत?" नाही लागत. का लागत नाही, त्याचीच ही नोंद.

वाटीचं काम

कृतींमध्ये "पत्ती गरम पाण्यात उघडून घ्या" एवढंच म्हणतात आणि पुढे जातात. मला ही पायरी शोभेची वाटायची, म्हणून मुद्दाम दोन पातेली शेजारीशेजारी लावली. एकात कोरडी पत्ती थेट गरम दुधात, दुसऱ्यात वाटीतून भिजून आलेली. पत्ती, दूध, वेळ, झाकण सगळं सारखं.

पहिल्याचा रंग पाणी जास्त झालेल्या कॉफीसारखा, चव फुळकवणी. दुसरा तांबूस, विटकरीकडे झुकणारा. पण खरा फरक कळला तो गाळणीत. कोरडी टाकलेली पत्ती दोन बोटांत चिरडून पाहिली तर दाण्याच्या आत अजून कचकचत होतं, बाहेर दुधाचा बुळबुळीत थर आणि मधे कोरडं. वाटीतून आलेला दाणा बोटांत सहज पसरला आणि तपकिरी डाग सोडून गेला.

कारण सरळ आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या टॅनिनला, म्हणजे तुरटपणाच्या घटकाला, धरून बसतं. कपात हे चांगलंच, कारण त्यामुळेच दुधाचा चहा जिभेला तुरट लागत नाही. पण पान उघडायच्या आधीच दूध त्याच्याभोवती गोळा झालं की आतला अर्क बाहेर यायला अडतो. आपल्या घरच्या चहात ही अडचण जाणवत नाही, कारण आधणात पत्ती आधीच उकळून बसलेली असते आणि दूध मागाहून येतं, वर दोन उकळ्या काढून आपण उरलंसुरलं वसूल करतो. जपानी पद्धतीत दुधाला उकळी मिळणारच नाही, त्यामुळे पानाचं काम दूध यायच्या आधी पाण्यातच उरकावं लागतं. आता कोणी मला विचारलं की या चहात महत्त्वाचं काय, तर मी वाटी म्हणते. दूध नंतर.

सीटीसीला वाटीत मिनिट पुरतं. 1930 मध्ये आसामातल्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी सीटीसीचं यंत्र काढलं, पान चिरडून, फाडून, गोळी वळणारं. पेशी आधीच फुटलेल्या असल्याने गोळी रंग पटकन सोडते. ऑर्थोडॉक्स आसाम, म्हणजे पानाचा आकार टिकलेली, वापरली तर वाटीत दोन मिनिटं, झाकणाखाली पाच आणि वजन 10 ग्रॅमपर्यंत. सुगंध जास्त, अंग म्हणजे चवीतला भरीवपणा कमी. जपानी लोकांना या चहात अंगच हवं असतं, म्हणून त्यांच्याही कृतींत बहुतेकदा आसामच असतो. इथे निशी-कासाईत भारतीय किराण्याच्या दुकानात सीटीसी किलोने मिळते, त्यामुळे तोक्योतल्या बाकीच्या चहाबाजांपेक्षा आपण मराठी मंडळी या बाबतीत सुखी.

नाव इंग्रजी, घर क्योटोचं

हा प्रकार इंग्लंडातून आला अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तिथल्या हॉटेलात या नावाने मागाल तर वेटर तुमच्याकडे बघत बसेल. हे नाव जपानातलं आहे. 1965 मध्ये क्योटोच्या लिप्टन चहाघराने ते आपल्या यादीत घातलं आणि तिथून ते देशभर पसरलं. आज ते बाटलीत मिळतं, डब्यात मिळतं, गरम पाण्यात विरघळणाऱ्या पुडीत मिळतं. हिवाळ्यात कोंबिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाच्या, गरम कपाटात नारिंगी झाकणाच्या बाटल्या उभ्या असतात. ते नारिंगी झाकण म्हणजे बाटली तापवण्याजोगी असल्याची खूण. जानेवारीत स्टेशनवर ती हातात धरण्याचं सुख मी नाकारणार नाही, पण चव म्हणाल तर आधी साखर, मग दूध, आणि चहा नुसता ऐकिवात. किरिन कंपनीच्या "गोगो नो कोचा" या बाटलीतल्या चहाच्या लेबलावर बेडफर्डची सातवी डचेस ॲना आहे, दुपारच्या चहाची प्रथा जिच्या नावावर सांगतात ती. बाई छान, चहा गोड.

दूध: डब्यावरचे आकडे

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

जपानी दुधाच्या खोक्यावर ते किती अंशावर आणि किती वेळ तापवलं आहे ते छापलेलं असतं. दुकानातल्या बहुतेक खोक्यांवर 130 अंश, 2 सेकंद असं काहीतरी सापडेल. थोडं शोधलं तर वरच्या फळीवर 65 किंवा 66 अंश, 30 मिनिटं असं लिहिलेलं, कमी तापमानाचं दूध मिळतं. महाग असतं आणि लवकर संपवावं लागतं. इथली चहावेडी मंडळी दुधाच्या चहाला हेच दूध घ्या म्हणून आग्रह धरतात.

त्यामागचं कारण असं की दूध साधारण 75 अंशांच्या पुढे तापलं की त्यातली निवळीची (व्हे) प्रथिनं उलगडायला लागतात आणि गंधकाचा हलका वास सुटतो. ज्याला आपण तापल्या दुधाचा वास म्हणतो तोच. आपल्याला तो लहानपणापासून आवडतो, त्यावर अख्खी बासुंदी उभी आहे. पण नाजूक चहाच्या वासावर तो चढून बसतो. 130 अंशांच्या दुधात हा वास खोक्यातच थोडा आलेला असतो. म्हणून गॅस झालरीवर बंद करायचा. आणखी उकळलं की त्यात भरच.

दोन्ही दुधांचे कप करून नवऱ्याला डोळे मिटून प्यायला लावले. सीटीसीच्या जोडीत त्याला फरक ओळखता आला नाही, खरं तर मलाही जेमतेम. पुढे लिहिलेल्या जपानी पानाच्या जोडीत मात्र पहिल्या घोटातच ओळखला. तेव्हा माझा निकाल असा: रोजच्या कडक आसामला साधं दूध, महागाचं दूध फक्त पान नाजूक असेल तेव्हा. याहून जास्त भक्तीची गरज नाही.

खोकं घेताना एक बघा. साध्या शुद्ध दुधाच्या खोक्याच्या वरच्या कडेला अर्धगोल खाच असते. दृष्टिहीन माणसांना स्पर्शाने दूध ओळखता यावं म्हणून ती ठेवलेली आहे. आपल्याला जपानी कांजी अक्षरं वाचता येत नसली तरी कामाला येते. शेजारीच तशाच दिसणाऱ्या खोक्यांत फॅट कमी केलेलं आणि भर घातलेलं दूधही असतं, त्यांना खाच नसते. कमी फॅटचं दूध या चहाला चालत नाही, कप पांचट होतो. भर घातलेलं दाट दूध, 4 टक्क्यांच्या वरचं, एकदा आणून पाहिलं. चहा मलईखाली गेला.

पुण्या-मुंबईला करणाऱ्यांनी यावरून अंदाज बांधावा. इथलं साधं दूध 3.5 टक्क्यांच्या आसपास फॅटचं. तिकडे गायीच्या दुधाची पिशवी याच्या सगळ्यात जवळची. 3 टक्क्यांचं टोन्ड चालेल, पण मग पाणी थोडं कमी करा. फुल क्रीम 6 टक्क्यांचं असतं, त्यात पाणी आणि दूध निम्मंनिम्मं घ्यावं, नाहीतर चहाची खीर होईल. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असल्यामुळे झालरीवर थांबलात तरी चालेल. गवळ्याकडचं सुटं दूध मात्र आधी नेहमीसारखं उकळून, गार करून मगच या कामाला घ्या.

साय हा घरातला वादाचा विषय. इथे ती चहावर आली तर दोष मानतात. झाकण ठेवलं की वाफेने वरचा थर ओला राहतो आणि ती फारशी धरत नाही, आलीच तर गाळणीत अडकते. मी ती खाते. वहीत लिहायला काय लाज.

भारतातून गेलेलं बी

गोल्डन वीकमध्ये, म्हणजे मेच्या सुरुवातीच्या जपानी सुट्ट्यांत, शिझुओकाला गेलो होतो. तिथल्या मारिकोला, जुन्या तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामाच्या गावी, तोरोरो म्हणजे किसलेल्या रानकंदाची पातळ आमटी भाताबरोबर खातात. लोक त्यासाठी जातात. मी चहासाठी गेले.

मेजी सरकारने तादा मोतोकिची नावाच्या माणसाला काळ्या चहाचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या पत्तीचं, तंत्र शिकायला आधी चीनला आणि 1876 मध्ये भारतात पाठवलं. पूर्वाश्रमीचा सामुराई, मारिकोला येऊन चहा लावणारा. तो दार्जिलिंग आणि आसामात हिंडला, 1877 मध्ये बी घेऊन परतला आणि ते मारिकोत पेरलं. त्या बियांच्या वंशातून पुढे बेनिहोमारे ही काळ्या चहाची जात निघाली. बेनिहोमारे आणि दार्जिलिंगच्या बियांतून आलेलं एक झाड यांच्या संकरातून बेनिफुकी झाली, 1993 मध्ये तिचं नाव नोंदलं गेलं. म्हणजे आजी-आजोबा दोन्हीकडून आपल्याकडचे. मधल्या काळात 1971 ला जपानने काळ्या चहाची आयात खुली केली आणि देशी काळा चहा जवळजवळ बसला. आता छोटे मळेवाले तो पुन्हा करू लागलेत, त्याला वाकोचा म्हणतात.

सगळा वाकोचा दुधाला चालत नाही. जपानात सगळीकडे दिसणारं याबुकिता हे मुळात हिरव्या चहाचं झाड. त्याचा काळा चहा गोडसर, मऊ, बिनदुधाचा उत्तम, पण दुधात पार हरवतो. बेनिफुकीत टॅनिन भरपूर, त्यामुळे ती दुधापुढे उभी राहते. मी 10 ग्रॅम घेतली, वाटीत दोन मिनिटं, झाकणाखाली चार, कमी तापमानाचं दूध, साखर शून्य. रंग आसामपेक्षा फिका, पण वासात फुलासारखं काहीतरी आणि मागे हलकी झणक. आतापर्यंतच्या कपांत हाच सर्वात आवडला. रोज परवडणारा नाही.

(वसंतात परागकणांच्या ॲलर्जीवर म्हणून इथे विकतात ती बेनिफुकी हिरवी असते. ज्या घटकासाठी ती घेतात तो काळा चहा करताना उरत नाही. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात, पाकीट बघून घ्या.)

किरकोळ

भांडं: दोन्ही बाजूंना चोच असलेलं युकिहिरा पातेलं, 18 सेंटिमीटर. ओतायला उत्तम, पण जपानात त्याला झाकण वेगळं घ्यावं लागतं. मी ताटली ठेवते.

पाणी: तोक्योचं नळाचं पाणी मऊ आहे, काही करावं लागत नाही. बोअरच्या जड पाण्यात रंग काळपट येतो आणि वर तवंग धरतो, तिकडे फिल्टरचं घ्या.

साखर: असेल तर वाटीत नको, दुधात. इथली साधी साखर ओलसर आणि मऊ, पटकन विरते. दोन कपांना दोन लहान चमचे माझी हद्द. आलं-वेलची घातली की तो चांगला चहा होतो, पण मग त्याला रॉयल मिल्क टी म्हणू नये.

होजिचा: भाजलेल्या हिरव्या चहाचाही असाच प्रकार करतात. मी कानाझावाकडचा कागा बोचा घेतला, निव्वळ देठं भाजलेली. टॅनिन कमी, त्यामुळे दुधाशी भांडण नाही आणि उकळी आली तरी बिघडत नाही. मात्र माप वाढवावं लागतं, दोन कपांना 12 ग्रॅम. रात्री जेवणानंतर हाच, झोप उडत नाही. आईला हा पटेल असं वाटतं, भाजक्या वासामुळे.

आता चालू आहे ते

उन्हाळा लागला, त्यामुळे थंड कप. पत्ती 12 ग्रॅम, उकळतं पाणी 150 मिली, झाकून तीन मिनिटं, गाळून गरम असतानाच साखर विरघळवायची आणि बर्फाने भरलेल्या ग्लासात एकदम ओतायचं. वरून गार दूध 120 मिली. इथे दुधाला आच लागतच नाही, त्यामुळे ते महागाचं खोकं इथे मात्र वसूल होतं. अजून बर्फाचं गणित बसायचंय: ग्लास अर्धा झाला की चव पातळ होते. चहाचेच बर्फाचे खडे फ्रीझरमध्ये लावून ठेवलेत, उद्या काढीन. म्हशीच्या दुधावर थंड कप कोणी केला असेल तर प्रमाण जरूर सांगा, फॅट गार दुधात तोंडाला चिकटतं का ते मला इथे तपासता येत नाही.