खरवस आणि खडू

शाळेची मागची पडवी हीच आमची प्रयोगशाळा. एक दिवस विज्ञानाच्या सरांनी तिथे खरवसाचा डबा उघडला. त्यांची गाय नुकतीच व्याली होती. आमच्या तोंडाला पाणी सुटलं, पण सरांनी एक चौकोनी वडी पाटावर मांडली.

वरून हलकेच दाबली, तर ती बसकी होऊन कडांनी फुगली. "हे दाबाचं प्रतिबल. प्रतिबल म्हणजे वस्तूच्या आत दर एकक क्षेत्रावर येणारं बल." दोन्हीकडे धरून ओढली, मधे चीर पडली. "हे ताणाचं." मग दुसरी वडी घेऊन तिच्या माथ्यावर तळवा टेकवला आणि आडवा रेटा दिला. तळ पाटाला चिकटलेला, माथा पुढे. चौकोन कलला आणि हात काढताच थरथरून परत सरळ झाला. "हे कर्तन. आकार बदलला, आकारमान तेवढंच. हीच वडी विहिरीच्या तळाशी सोडलीत तर उलट होईल. चहूबाजूंनी सारखा दाब, म्हणजे आकार तोच, आकारमान किंचित कमी."

वड्या अर्थातच उरल्या नाहीत.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. खडू वाकवून मोडला की आडवा, सपाट तुटतो. सरांनी तो पिळायला सांगितला. तुटला तो मळसूत्रासारखा तिरका, साधारण ४५ अंशांत! पिळण्यात तर कर्तन असतं, मग असं का? कारण त्याच पिळात, खडू मनातल्या मनात तिरका कापून पाहिला तर त्या प्रतलावर निव्वळ ताण असतो, आणि खडूला ताणच सोसत नाही. जागा तीच, प्रतल बदललं की प्रतिबलाची जात बदलते, हे माझ्या गळी उतरायला वर्ष लागलं. कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली हेच गणितात बसवलं होतं, ते कॉलेजात कळलं. एका जागेचं सगळं प्रतिबल सांगायला नऊ आकडे, त्यांतले सहाच स्वतंत्र. तिथे खरवस नव्हता.

रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेचा पानवलचा पूल होत होता तेव्हा मी डिप्लोमाला होतो. ६४ मीटर उंची, आणि वरच्या तुळईचं काँक्रीट एका टोकाला ओतून टप्प्याटप्प्याने पुढे ढकलायचं. जो भाग खांबावर येतो त्याच्या वरच्या अंगाला ताण. तोच पुढे सरकून दोन खांबांच्या मधे गेला की ताण खालच्या अंगाला. काँक्रीटलाही खडूसारखा ताण सोसत नाही, म्हणून ढकलताना केबलींनी सबंध छेदावर सारखा दाब देऊन ठेवतात.

सुट्टीत हे सगळं सरांना ऐकवायला गेलो. त्यांनी ओटीवर बसवून ऐकून घेतलं आणि विचारलं, "खांबालगत तुळईच्या उभ्या भिंतीला भेगा गेल्या, तर कशा जातील रे? उभ्या की तिरक्या?"

"उभ्या," मी म्हणालो.

सरांनी खिशातून खडू काढून माझ्यापुढे धरला.