तळघरातला चिखल आणि न आलेला सर्व्हेअर

"सर्व्हेअर येईपर्यंत कशालाही हात लावू नका." २०२१ च्या पुरानंतर आठ दिवस मी विमा कंपनीकडून फोनवर हे एकच वाक्य ऐकत होते (सर्व्हेअर म्हणजे त्यांच्या वतीनं नुकसान पाहायला येणारा माणूस), आणि खाली तळघरात घोटाभर चिखलात गव्हाची पोती कुजत होती. तो राग अजून गेलेला नाही. पुन्हा कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे.

आमचं घर सांगलीत, गावभागात. जुना वाडा उतरवून सासऱ्यांनी घर बांधलं, तेव्हा वर्षाचं धान्य आणि जास्तीचं सामान ठेवायला तळघर काढलं. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमचा तळमजलासुद्धा बुडाला. तेव्हा विमा नव्हता. नंतर उतरवला.

२०२१ च्या जुलैत परत गल्लीत ज्याच्या-त्याच्या तोंडी "आयर्विनला किती?" सुरू झालं. ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथं पोरासोरांनाही पाठ असतं. पण आमच्या तळघरात पाणी रस्त्यावरून आलंच नाही. रस्ता कोरडा असताना ते कोपऱ्यातल्या मोरीतून वर आलं. नदी चढली की गटाराचं पाणी उलटं फिरतं. म्हणून मोरीचं तोंड आधी बंद करा, वर वाळूचं पोतं ठेवा. आम्हाला ते सुचेपर्यंत उशीर झाला होता. मेन स्विच पाडला, सासूबाईंना घेऊन विश्रामबागेत नणंदेकडे गेलो.

परत आलो तर गल्ली मोकळी, तळघर छताला हातभर कमी इतकं भरलेलं. ह्यांनी भाड्यानं डिझेलचा पंप आणला. सगळं पाणी एका दिवसात उपसायचा विचार होता. शेजारच्या बांधकामावरच्या गवंडीमामांनी अडवलं. "वैनी, घाई करू नका. भाईरची काळी माती पाणी पिऊन फुगलीया. आतलं पाणी भिंतीला धरून हाय. एकदम काढलासा तर भिंत आत येईल." मग भिंतीवर खडूनं खूण करून रोज दोन-तीन फूटच उपसलं. रात्रीत पातळी परत वर आली की दुसऱ्या दिवशी थांबायचं. इंजिन मात्र बाहेर अंगणातच ठेवा. त्याचा धूर तळघरात साचला तर माणूस गुदमरून जातो.

विमा कंपनीला मी पाणी ओसरल्याच्या दिवशीच कळवलं होतं, तक्रार क्रमांकही घेतला होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ७२ तासांत सर्व्हेअर नेमायला हवा. "नेमलाय मॅडम," असं तिसऱ्या दिवशी सांगितलं. पण तो येईना. त्याचा नंबर मागितला तर "तेच तुम्हाला फोन करतील." पाचव्या दिवशी दुसराच आवाज, सगळी हकीकत पहिल्यापासून. सहाव्या दिवशी गल्लीत स्वच्छतेची गाडी आली, पाण्याचा जोराचा फवारा, मदतीला दहा-बारा पोरं. सगळ्यांची घरं धुऊन निघाली. "काकू, तुमचं तळघर?" असं त्यांनी विचारलं आणि मला "राहू दे" म्हणावं लागलं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

पुराचा चिखल ओला असतानाच निघतो. वाळला की त्याला कुदळ लागते. वर तो वास. सासूबाईंना खोकला लागला. गव्हाला मोड येऊन ते सडले, सासूबाईंच्या माहेरची लाकडी पेटी फुगून उकलली. आणि मी दार लावून पहारा देत होते, कारण हात लावला तर क्लेम जाईल ही भीती.

आठव्या रात्री मी पॉलिसीचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. हे आधीच करायला हवं होतं. सामान हलवायचंच नाही असं त्यात कुठंच नव्हतं. उलट नुकसान वाढू नये म्हणून काळजी घेणं हे आपलंच काम आहे, असं होतं. मग कंपनीला ईमेल लिहिला: अमुक तारखेला कळवलं, अमुक-अमुक दिवशी फोन केले, कुणी आलं नाही; घरात आजारी वृद्ध व्यक्ती आहे; उद्या सकाळी १० वाजता सफाई सुरू करते आहे; सोबत फोटो आणि व्हिडिओ; हरकत असेल तर लेखी कळवा. सकाळी साडेनऊला सर्व्हेअर दारात हजर. पाऊण तासात पाहणी संपली. नऊ दिवस ज्याच्यासाठी थांबलो ते पाऊण तासाचं काम! फोनवर बोलत बसू नका, पहिल्याच दिवशी लेखी द्या.

फोटो काढताना भिंतीवरची पाण्याची रेघ येऊ द्या, शेजारी टेप धरा. यंत्रांच्या मागची नंबरपट्टी वेगळी टिपा. इन्व्हर्टरचं बिल माझं भिजून गेलं होतं, पण दुकानदारानं मोबाइल नंबरवरून दुसरी प्रत काढून दिली.

पुढं कंपनीनं "तळघरातलं सामान बसत नाही" असंही एकदा म्हणून पाहिलं. मी विचारलं, कुठल्या कलमात? ते लेखी द्या. उत्तर आलं नाही, क्लेम पुढं सरकला. आमच्या विम्याचं नूतनीकरण मे महिन्यात झालं होतं, म्हणजे 'भारत गृह रक्षा' पॉलिसी. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ही ठरावीक पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला आहे, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप येतं. दाद मिळाली नसती तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायची तयारी मी ठेवली होती. तिथं तक्रारीला पैसे पडत नाहीत.

पैसे ऑक्टोबरात आले, मागितले त्यापेक्षा कमी. चिखल काढायला दोन गडी तीन दिवस कुदळीनं खपले, त्यांची मजुरी आम्हीच दिली. नंतर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून दोनदा धुतलं, महिनाभर पंखे लावून वाळवलं, मगच चुना दिला.

आता इन्व्हर्टर जिन्याच्या वरच्या कट्ट्यावर आहे, आणि धान्याचं एकही पोतं सासूबाई खाली उतरू देत नाहीत.